दुधाच्या पेल्यामागची माणसे: लहान मुलांना ‘आपले मदतनीस’ कसे समजतात

पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता हमखास असतो. त्यावर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले डॉक्टर असतात, शिट्टी वाजवणारा पोलीस असतो, खाकी कपड्यांतला पोस्टमन आणि डोक्याला मुंडासे बांधलेला शेतकरी असतो. मुले एकेका चित्रावर बोट ठेवून ‘डॉक्टर आपल्याला औषध देतात, पोस्टमन पत्र आणतात’ असे एका सुरात म्हणतात, चाचणीत जोड्या लावतात आणि ‘आपले मदतनीस’ हा पाठ संपतो. बेळगाव शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तोच पाठ ‘कम्युनिटी हेल्पर्स’ या नावाने होतो आणि त्याला वेशभूषा स्पर्धेची जोड मिळते. खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या मराठी शाळेत तो परिसर अध्ययनाच्या तासाला उरकला जातो. नाव काहीही असो, हा पाठ सोपा समजला जातो. प्रत्यक्षात लहान वयात शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी तो एक अवघड विषय आहे, कारण त्यात जे शिकायचे ते त्या चित्रांत दिसतच नाही.

आपल्या ओळखीची नसलेली पुष्कळ माणसे आपापले काम करतात आणि एकाचे काम जिथे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, म्हणून आपला दिवस पार पडतो, हे या पाठाचे खरे सार आहे. तक्त्यावर डॉक्टर एकटेच उभे असतात. रक्त तपासणारा तंत्रज्ञ, वॉर्डातल्या चादरी धुणारी बाई, रुग्णवाहिकेचा चालक आणि दवाखान्याची वीज चालू ठेवणारा हेस्कॉम या वीज कंपनीचा लाइनमन यांच्यावाचून डॉक्टरांचे हात किती तोकडे पडतात, हे चित्र सांगत नाही. शाळेत ‘मदतनीस’ हा एक पाठ आणि ‘मिळून काम करूया’ हा दुसरा पाठ, अशी विभागणी केलेली असते. माझ्या मते ते एकच प्रकरण आहे. वर्गातल्या चार मुलांनी मिळून एक काम तडीस नेल्याचा अनुभव घेतल्यावाचून गावातली चारशे माणसे मिळून काय करतात हे मुलाला उमगत नाही, आणि गावातल्या कामांकडे बघितल्यावाचून वर्गातले गटकार्य हा निव्वळ एक तास होऊन बसतो.

मुलाला काय दिसते

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा तीन डोंगरांचा प्रयोग शिक्षणशास्त्र शिकलेल्या सगळ्यांना ठाऊक असतो. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची, मुलाला एका बाजूला बसवायचे, दुसऱ्या बाजूला बाहुली ठेवायची आणि बाहुलीला काय दिसत असेल ते विचारायचे. लहान मुले बहुधा स्वतःला जे दिसते तेच बाहुलीलाही दिसते असे सांगतात. त्यावरून पियाजे यांनी असे मांडले, की साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून जग पाहणे जमत नाही. पुढे १९७५ मध्ये मार्टिन ह्यूज यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. त्यांनी छोट्या भिंती उभ्या केल्या, पोलिसाच्या बाहुल्या ठेवल्या आणि एका मुलाच्या बाहुलीला पोलिसांना दिसणार नाही अशा जागी लपवायला सांगितले. साडेतीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी ते अचूक केले. डोंगर कोणत्या बाजूने कसा दिसतो याच्याशी मुलाला काही देणेघेणे नसते. लपाछपी मात्र त्याच्या रोजच्या खेळातली असते. परिस्थिती ओळखीची असली की लहान मूलही दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू शकते, एवढा बोध आपल्या कामाला पुरेसा आहे.

म्हणूनच अग्निशामक दलाच्या शिडीपासून किंवा वैमानिकाच्या टोपीपासून सुरुवात करण्यात फारसा अर्थ नाही. जंगलपट्ट्यातल्या कणकुंबीच्या किंवा जांबोटीच्या मुलाने अग्निशामक गाडी पाहिलेलीच नसते, पण वनरक्षक पाहिलेला असतो. निपाणीच्या मुलाला तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका ठाऊक असतात. बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावच्या मुलाला तर यंत्रमागाचा खडखडाट थांबला की जाग येते. एखादे काम ओळखीचे असले, तरी ते करणारे माणूस दिवसाच्या उरलेल्या वेळात कोण असते हे मुलाला माहीत नसते. आठवडी बाजारात आपल्या वर्गाच्या बाई भाजी निवडताना दिसल्या की मूल आईच्या मागे लपते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारते, ‘बाई, तुम्ही पण भाजी खाता?’ बाई शाळेतच राहतात, तिथेच झोपतात, अशी त्याची समजूत असते. मदतनीसालाही घर असते, त्यालाही ताप येतो, त्यालाही दुसऱ्याची मदत लागते, हे समजणे हा या विषयातला पहिला मोठा टप्पा आहे, आणि आपल्या बाईंना कोण कोण मदत करते याची चौकशी ही त्याची उत्तम सुरुवात ठरते.

मदत करण्याची ओढ मात्र मुलाला शिकवावी लागत नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. प्रयोग करणारा माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि हात पोहोचत नसल्यासारखे करतो, किंवा दोन्ही हातांत पुस्तके घेऊन बंद कपाटापाशी अडतो. जेमतेम दीड वर्षाची मुले कोणी न सांगता, बक्षीस नसताना, चिमटा उचलून देतात आणि कपाटाचे दार उघडून देतात. याच दोघांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली: मदतीबद्दल ज्या मुलांना खेळणी बक्षीस दिली, ती पुढच्या वेळी मदत करायला कमी राजी होती. ‘आज कोणी कोणाला मदत केली’ याबद्दल वहीवर स्टार देणाऱ्या शिक्षकांनी आणि चॉकलेट देणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

पेल्यापासून मागे

कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना दूध देणारी ‘क्षीरभाग्य’ योजना १ ऑगस्ट २०१३ पासून सुरू आहे. कर्नाटक दूध महासंघाच्या ‘नंदिनी’ भुकटीपासून शाळेतच दूध तयार होते आणि प्रत्येक मुलाला १५० मिलिलिटर मिळते. आपल्या विषयासाठी याहून चांगले साधन शोधून सापडणार नाही, कारण ते मुलाच्या हातात असते, गरम असते आणि त्याच्या उगमापर्यंतची जवळजवळ प्रत्येक पायरी गावात किंवा गावाजवळ पाहता येते.

शिकवण्याची दिशा मात्र उलटी ठेवावी. ‘म्हैस दूध देते’ इथून पुढे न येता पेल्यापासून मागे जावे आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: याच्या आधी कोण? पेला कोणी भरला? दासोहाच्या मावशींनी. (अक्षर दासोह ही कर्नाटकातली शाळेच्या जेवणाची योजना, मुलांच्या तोंडी तिचे नाव नुसते ‘दासोह’ असते.) त्यांनी भुकटी आधी थोड्या कोमट पाण्यात कालवली, कारण उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर गुठळ्या होतात. पाणी कशावर तापवले? गॅसवर, मग सिलिंडर कोणी आणून दिला? भुकटीची पाकिटे कुठून आली? ती कारखान्यात तयार झाली. कारखान्यात दूध टँकरने आले. टँकरमध्ये ते गावोगावच्या डेअऱ्यांतून गोळा झाले. आणि डेअरीत? इथे पोहोचेपर्यंत एखादी मुलगी उभी राहतेच: ‘बाई, आमची आई पण डेअरीला दूध घालती!’

तिला थांबवू नये. आई पहाटे उठून म्हशीची धार काढते, किटली घेऊन रांगेत उभी राहते, डेअरीतले काका माप घेतात, नमुना काढून फॅट लावतात आणि आकडा पुस्तकात लिहितात, हे सगळे तिने तिच्या शब्दांत सांगू द्यावे. त्यानंतर वर्गातला एखादा खोडकर मुलगा विचारणारच, की मग आपण आता पितो ते दूध हिच्याच म्हशीचे का? शिक्षकाने या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे: असेलही, नसेलही, कारण शेकडो घरांचे दूध एकत्र मिसळल्यावर कोणाचे कोणते हे सांगता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ‘समाज’ या शब्दाची व्याख्या सांगून जे कळत नाही, ते या उत्तरातून बऱ्यापैकी कळते.

त्यानंतर साखळी तोडून पाहावी. आज टँकरचे चाक रुतले तर काय होईल? मावशी आजारी पडल्या तर? डेअरीत वीज गेली तर? मुले फार उत्साहाने संकटे सुचवतात आणि उपायही सुचवतात. त्यातले निम्मे उपाय हेलिकॉप्टरचे असतात, ते चालवून घ्यावेत. एखाद्या कामाचे महत्त्व ते अडल्यावर कळते हा मोठ्यांचाही अनुभव आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर ‘लाइनमन महत्त्वाचा आहे’ या विधानापेक्षा ‘लाइनमन आला नाही तर काय’ हा प्रश्न कितीतरी अधिक शिकवून जातो. अंगणवाडीच्या वयाला तीन कड्या पुरेत. दुसरी-तिसरीतली मुले सहा-सात कड्या सहज धरून ठेवतात.

दुधाखेरीज दुसरी सोयीची साखळी टपालाची. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड आणावे आणि मुलांनी कोल्हापूरच्या मामाला किंवा आत्याला पत्र लिहावे. बेळगावचा पिन ५९०००१, कोल्हापूरचा ४१६ ने सुरू होणारा. सहा आकडी पिन पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाली. पहिला अंक विभाग दाखवतो. कर्नाटक ५ मध्ये, महाराष्ट्र ४ मध्ये. निपाणीचे मूल बसने थोड्याच वेळात कागलला पोहोचते आणि तिथे पिनचा पहिला अंक बदललेला असतो, ही गोष्ट सीमाभागातल्या मुलांना भारी मौजेची वाटते. एकमेकांना कधीही न भेटणारी माणसे केवळ त्या सहा आकड्यांच्या आधाराने एकच काम पुढे नेतात, हे पोस्टमनच्या चित्रावरून कधीच कळले नसते.

शेजारी बसणे आणि मिळून काम करणे

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे खेळ बारकाईने पाहून १९३२ मध्ये त्यांचे प्रकार नोंदवले. त्यांतला एक प्रकार शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे: दोन मुले शेजारी बसून, एकाच ढिगातली खडी घेऊन, दोन वेगळी घरे बांधतात. लांबून वाटते की ती एकत्र खेळत आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाचा खेळ स्वतंत्र असतो. कामे वाटून घेऊन एकच घर बांधणे ही त्यापुढची पायरी, आणि ती वयाने हळूहळू येते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने ‘गटात’ काम केले नाही तर त्यात त्याचा दोष काहीच नाही.

कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी जी नलि-कलि (आनंदाने शिकण्याची) पद्धत आहे, ती १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. त्या पद्धतीत वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका खोलीत छोट्या गटांनी बसतात. बैठकीची ही रचना चांगली आहे. तरी गोल बसवले म्हणजे गटकार्य झाले, असे समजण्याची चूक सगळीकडेच होते. चौघांना चार खडू आणि चार कागद दिले तर चार चित्रे होतात. चौघांना एक मोठा कागद दिला आणि लाल, निळा, हिरवा, पिवळा असे एकेकाकडे एकेकच रंग दिला, तर मात्र बोलावे लागते, मागावे लागते, थांबावे लागते. फरक घडतो तो कामाच्या मांडणीमुळे; मुलांच्या स्वभावाला उगाच बोल लावू नये.

भेळीचे उदाहरण घेऊ. चुरमुरे, शेव, चिंचेची चटणी, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. चिरण्याचे काम बाईंचे, बाकी सगळे मुलांचे. पाचजणांच्या गटात एकाने कोथिंबीर निवडायची, एकाने वाट्या पुसायच्या, एकाने वर्गात आज किती डोकी आहेत ते मोजून यायचे, एकाने मिसळायचे, एकाने वाढायचे. पहिल्या पाच मिनिटांत भांडण ठरलेले, कारण मिसळायचे सगळ्यांना असते आणि वाट्या पुसायच्या कोणालाच नसतात. इथे बाईंनी लगेच मध्ये पडू नये. थोडा वेळ जाऊ दिला तर पुष्कळदा मुलेच पाळी लावतात. नाही लावली तर चिठ्ठ्या टाकाव्यात आणि पुढच्या खेपेला कामे फिरवावीत. मोजणाऱ्याने दोन डोकी कमी मोजली आणि शेवटच्या दोघांना भेळ उरली नाही, की मग खरा पाठ सुरू होतो. मोजणे हे बिनमहत्त्वाचे काम आहे असे त्या गटातल्या कोणाला पुन्हा वाटत नाही. आणि वाढलेल्या भेळीतून त्या दोघांसाठी चमचा-चमचा बाजूला काढताना मुले जेवढी समजूतदार वागतात, तेवढी आयत्या खाऊच्या वाटणीत वागत नाहीत. याला आधारही आहे. कॅथरीना हामान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की तीन वर्षांची मुले एखादी वस्तू दोघांनी मिळून ओढून मिळवली असेल तर ती बरोबरीने वाटून घेतात, तीच वस्तू अवचित पदरात पडली तर वाटून घेण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

शिक्षकांची एक सवय मात्र गटकार्याला मारक ठरते, ती म्हणजे दर वेळी त्याच हुशार मुलीला ‘लीडर’ करणे. ती सगळे काम स्वतःच उरकते, बाकीचे बघत राहतात आणि गट वेळेत काम संपवतो म्हणून बाई खूश होतात. चौघांची कामे एकटीने केली, याला मिळून काम म्हणत नाहीत.

आपल्या भागात या गोष्टीला जुने नाव आहे. खानापूर आणि पश्चिम बेळगावच्या भातपट्ट्यात रोप लावणीला अजून पैरा चालतो: आज आमच्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात आम्ही येऊ. एकाच्या शेतात सगळ्या गावाचे बैल जुंपून दिवसात नांगरट उरकण्याची इर्जिक आता ट्रॅक्टरमुळे मागे पडली, पण आजोबांना विचारले तर ते रंगून सांगतात. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण अशाच अनुभवातून आली असावी. शाळेत पाहुणा म्हणून एखाद्या अधिकाऱ्याला बोलावण्यापेक्षा इर्जिकीत जेवण वाढलेल्या एखाद्या आजीला बोलावणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

तक्त्यावर नसलेली माणसे

तक्ता छापणारा कुठेतरी दूर बसलेला असतो, त्यामुळे त्यावर आपल्या गल्लीतली माणसे नसतात. पहाटे झाडलोट करणारे पौरकार्मिक, नळाला पाणी सोडणारा वॉटरमन, घरोघर फिरणारी आशा आरोग्यसेविका, अंगणवाडीच्या बाई आणि त्यांच्या मदतनीस, बसचा कंडक्टर, बाजार समितीत पोती वाहणारे हमाल यांची चित्रे मुलांनीच काढून त्या तक्त्याशेजारी लावावीत. बेळगाव शहरातल्या मुलांनी पाण्याची चौकशी केली, तर नळापासून मागे जात जात ती मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयापर्यंत पोहोचतात, आणि तिथवर किती माणसे भेटतात ते मोजताना त्यांची बोटे संपतात.

दोन ठिकाणी जपून चालावे लागते. पहिले म्हणजे काम आणि जात. आपल्याकडच्या बलुतेदारीत काम जन्माने ठरत असे, आणि जुन्या पद्धतीच्या पाठांत व्यवसायांची म्हणून जी नावे येतात त्यांतली बरीचशी जातींची नावे आहेत. वर्गात त्या घरचे मूल बसलेले असते. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी ‘याचे’ काम कोणते ते सांगू लागले, तर मदतनिसांचा पाठ क्षणात अपमानाचा होतो. म्हणून कामाचे वर्णन कामानेच करावे: केस कापणारे काका, मडकी घडवणाऱ्या मावशी, चपला शिवणारे मामा. खानापूरला तर कुंभारकाम शिकवणारी संस्थाच आहे, आणि कोणत्याही घरचे माणूस ते शिकू शकते हे मुलांना जरूर सांगावे. हीच दक्षता मुलगा-मुलगी भेदाबाबत हवी. ‘नर्स’ म्हटले की बाई आणि ‘ड्रायव्हर’ म्हटले की पुरुष, असे मूल सहजपणे गृहीत धरते. बस चालवणारी बाई किंवा वॉर्डात काम करणारा पुरुष परिचारक प्रत्यक्ष दाखवता आला, तर त्यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

दुसरे म्हणजे ‘मदत’ या कल्पनेभोवतीचे भाबडेपण. लाइनमन खांबावर चढतो ते त्याचे काम आहे, त्याला त्याचा पगार मिळतो आणि तो वेळेवर मिळायला हवा. सफाई करणाऱ्याला हातमोजे आणि बूट मिळायला हवेत. ‘ते आपल्यासाठी किती करतात, त्यांना धन्यवाद द्या’ एवढ्यावर पाठ थांबवला, तर मुलाच्या मनात उपकाराची भावना राहते आणि हक्काची जाणीव राहत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वेतनाचे अर्थशास्त्र नको. ‘मावशींना स्वयंपाकाचे पैसे मिळतात, त्यातून त्या त्यांच्या मुलीची वही घेतात’ एवढे पुरते. पगारी काम आणि स्वेच्छेची मदत यांतला फरक समजावायला ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण उपयोगी पडते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचे पाणी चिकोडी-निपाणीकडच्या गावांत शिरले, तेव्हा जवान आणि सरकारी कर्मचारी कर्तव्य म्हणून आले आणि शेजारच्या गावांतले लोक कोणी न सांगता भाकरी घेऊन आले. आजची पहिलीतली मुले तेव्हा जन्मलेलीही नव्हती. पण घरात विचारले तर आई-वडिलांना सगळे आठवते.

मदत कोणत्या भाषेत मागायची

सीमाभागातल्या मराठी मुलापुढे आणखी एक प्रश्न असतो, ज्याचा पुण्या-कोल्हापूरच्या पाठ्यपुस्तकाला विचार करावा लागत नाही. घरात आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला बसवरची पाटी कन्नडमध्ये दिसते, दवाखान्यातल्या नर्सबाई कधी कन्नडमध्ये बोलतात, कंडक्टर दोन्हीत बोलतो आणि शेजारची मुले उर्दू बोलतात. मोठ्या माणसांच्या भाषेच्या वादात मुलाला ओढण्याचे कारण नाही. त्याला इतकेच हवे असते, की हरवल्यावर किंवा लागल्यावर समोरच्याला आपले म्हणणे कळावे. ‘नन्न हेसरु’ म्हणजे माझे नाव, ‘नम्म ऊरु’ म्हणजे आमचे गाव, ‘सहाय माडी’ म्हणजे मदत करा, ही तीन वाक्ये खेळातून सहज बसतात. उलट बाजूने, ‘बाळ, तुझं नाव काय?’ असे प्रेमाने विचारणारे कन्नड भाषक पोलीस किंवा परिचारिका आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कोणी वर्गात आले, तर भाषा वेगळी असली तरी माणूस परका नसतो हे मुलाला न सांगता कळते. वर्गातच कन्नड किंवा उर्दू घरभाषेचे मूल असेल, तर गटात त्याला दुभाष्याचे काम द्यावे. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत, वेगवेगळ्या वंशांची मुले पहिल्यांदाच एकत्र बसू लागली असताना, गटातल्या प्रत्येकाकडे माहितीचा एकेक भाग सोपवण्याची पद्धत काढली. एरवी कोपऱ्यात राहणाऱ्या मुलाकडेही इतरांना हवे असलेले काहीतरी असले की त्याला कोणी टाळू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. दुभाष्या मुलाचे तसेच होते.

घरी मात्र एक गोष्ट या सगळ्यावर पाणी फिरवते. ‘जेवला नाहीस तर पोलीस धरून नेईल’, ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरला सुई टोचायला सांगते’ असे आपण दिवसातून दहादा म्हणतो, आणि मग यल्लम्माच्या जत्रेच्या गर्दीत हात सुटलेले मूल खाकी कपडे पाहून उलट दिशेला पळते. गर्दीत कोणाकडे जायचे हे आधी ठरवून द्यावे: गणवेशातील पोलीस, दुकानात बसलेला दुकानदार, किंवा मुले बरोबर असलेली एखादी बाई. गणवेश घातला म्हणून कोणाबरोबरही चालू लागायचे नाही, आहे त्या ठिकाणीच थांबून फोन लावायला सांगायचा, हेही त्याच बैठकीत सांगावे. विश्वास आणि सावधपणा या दोन गोष्टी मुलाला एकत्र समजतात, फक्त मोठ्यांना त्या एकत्र सांगायला संकोच वाटतो.

आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पहिलीच्या मुलाला पाठ होतात. त्यांच्याइतकाच पत्ता महत्त्वाचा आहे. बेळगावचे मूल ‘आमचं घर मारुतीच्या देवळाजवळ’ असे सांगते, आणि मारुतीची देवळे गल्लोगल्ली असतात. म्हणून गल्लीचे नाव, गावाचे नाव आणि घरातल्या मोठ्या माणसाचे पूर्ण नाव म्हणण्याचा सराव हवा, कारण ‘पप्पांचं नाव पप्पा’ हे उत्तर पोलिसाच्या कामाचे नाही. हा सराव सिम काढलेल्या फोनवर न करता खेळण्यातल्या फोनवर करावा, कारण पुष्कळ मोबाइलवरून सिम नसतानाही ११२ हा क्रमांक लागतो आणि पलीकडे खरोखरचे माणूस फोन उचलते.